शिलाई माझी, क्यूआर कोड मिस्टरांचा

पत्र, थोडक्यात आणि नाव-गाव वगळून:

"माझं वय एकेचाळीस. सहा वर्षं घरातल्याच एका खोलीत शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको. दोन वर्षांपासून स्वतः कापड आणून तयार कुर्तेही विकते. हाताखाली दोघीजणी आहेत. भिंतीवरचा क्यूआर कोड मिस्टरांच्या खात्याचा आहे, कारण तो घेतला तेव्हा माझ्या खात्याला मोबाइल नंबरच जोडलेला नव्हता. 2025-26 या वर्षात वहीप्रमाणे 9 लाख 60 हजार आले. त्यातले 7 लाख 20 हजार क्यूआरवर, बाकी रोख. मी कधीच रिटर्न भरलेलं नाही. मिस्टर नोकरीत आहेत, पगार वर्षाला 11 लाख 40 हजार.

भाऊ म्हणतो, बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, तू कशाला फंदात पडतेस. समोरचे दुकानदार म्हणतात, यूपीआय बंद करा, जीएसटीची नोटीस येईल. बँकेत काम करणाऱ्या एक गिऱ्हाईक म्हणाल्या, साडेनऊ लाख आले म्हणजे तुमचं उत्पन्न साडेनऊ लाख. मिस्टरांना धास्ती, की हे सगळं त्यांच्या पगारात धरतील. जाऊबाई म्हणतात, वह्याच फाडून टाक. मला वाटतं, पुढच्या लग्नसराईच्या ऑर्डरी घेऊच नयेत, आकडा वाढायला नको. काय करू?

ता. क. मागच्या दिवाळीत परराज्यातल्या एका ओळखीच्या बाईंना आठ कुर्ते कुरिअरने पाठवले. पैसे लगेच आले, छान वाटलं."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, दुसऱ्यांदा त्यातली माणसं मोजायला. पाच जणांनी तुम्हाला पाच गोष्टी सांगितल्या आणि अस्तर-धाग्याला किती जातात, दोघींना किती देता, हे एकानेही विचारलेलं दिसत नाही. तुम्ही मात्र ते लिहून ठेवलंय. पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने बेरीज आहे आणि तिच्यावर काट मारली आहे. कापड, अस्तर, धागे, हुक, चेन मिळून 1 लाख 80 हजार. दोघींचा पगार महिना नऊ-नऊ हजार, म्हणजे वर्षाचे 2 लाख 16 हजार. वीज, मशीनची दुरुस्ती, पिशव्या, रिक्षा, 36 हजार. एकूण 4 लाख 32 हजार.

ती काट खोडरबराने पुसा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या बेरजेतच आहे.

9 लाख 60 हजार ही तुमची उलाढाल झाली. त्यातून 4 लाख 32 हजार वजा केले की 5 लाख 28 हजार उरतात, आणि आयकराच्या दृष्टीने ते तुमचं उत्पन्न. बँकेतल्या बाईंचं इथे चुकलं. पगारदार माणसाला हा फरक चटकन जाणवत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या खात्यात जे येतं ते जवळजवळ सगळं उत्पन्नच असतं. तुमच्या खात्यात येणाऱ्या शंभर रुपयांतले पंचेचाळीस कापडवाल्याचे, वीज कंपनीचे आणि तुमच्या दोघी मदतनिसांचे असतात. ते तुमच्या हातून फक्त पुढे जातात.

करांबद्दल कोणताही आकडा कानावर पडला की आधी विचारायचं, हा आकडा कशाचा? आयकराचे बारा लाख आणि जीएसटी नोंदणीचे वीस लाख हे आकडे एकाच दमात उच्चारले जातात, पण त्यांची मापं वेगळी आहेत. बारा लाख मोजतात खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नावर. जीएसटीचे वीस लाख मोजतात उलाढालीवर, खर्च न वजा करता. कापड मीटरवर आणि धागा रिळावर मोजायचा, तसंच हे. तुमच्या पाचही सल्लागारांनी मीटर आणि रिळं एकत्र करून ठेवली आहेत.

आता भावाचं म्हणणं. त्याचं अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेला सल्ला जास्त महागात पडतो. 2025-26 साठी नव्या करप्रणालीत पहिल्या 4 लाखांवर कर नाही, 4 ते 8 लाखांच्या टप्प्यावर 5 टक्के, 8 ते 12 वर 10 टक्के, आणि पुढे दर चार लाखांना पाच-पाच टक्क्यांनी चढत 24 लाखांच्या वर 30 टक्के. तुमच्या 5 लाख 28 हजारांवर हिशेबाने 6,400 रुपये कर निघतो. पण उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर 60 हजारांपर्यंतचा कर कलम 87अ खाली माफ होतो. म्हणून तुम्हाला भरायचे शून्य.

मात्र ही माफी आहे, आणि ती रिटर्न भरून घ्यायची असते. रिटर्न भरायचं की नाही हे बारा लाखांवर ठरत नाही, 4 लाखांवर ठरतं. माफी धरण्याआधीचं उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की रिटर्न सक्तीचं. तुमचं गेलंय. म्हणजे कर शून्य आणि तरीही रिटर्न भरायचंच, असा तुमचा प्रकार आहे, आणि हा प्रकार घरोघरी आहे. मुदत चुकवलीत तर विलंब शुल्क लागतं. उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1,000 रुपये, त्यावर असेल तर 5,000. शून्य करासाठी पाच हजारांचा भुर्दंड मला तरी सोसवणार नाही, तुम्हालाही सोसू नये.

मिस्टरांच्या भीतीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कायदा विचारतो की पैसा कोणी कमावला. खातं कोणाचं, हा त्यानंतरचा प्रश्न. शिलाई तुमची, गिऱ्हाइकं तुमची, तेव्हा उत्पन्न तुमचं, मग ते कोणाच्याही खात्यात जमा होवो. इथवर ठीक. पण उद्या विचारणा झाली तर खात्यात आलेल्या पैशांचा खुलासा खातेदाराला करावा लागतो. म्हणजे ब्लाउजच्या शिलाईचा हिशेब मिस्टरांनी द्यायचा. त्यांना कटोरी ब्लाउज आणि प्रिन्सेस कट यांतला फरक तरी सांगता येईल का? खुलासा पटला नाही तर ते उत्पन्न त्यांचंच धरलं जाण्याचा धोका आहे.

तसं झालं तर काय होईल ते मांडून पाहू. त्यांच्या पगारातून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की 10 लाख 65 हजार उरतात. बारा लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. त्यात तुमचे 5 लाख 28 हजार मिसळले की होतात 15 लाख 93 हजार. माफी गेली. कर 1 लाख 18 हजार 950, त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 1 लाख 23 हजार 708 रुपये. तेच पैसे तुमच्या नावावर दाखवले तर तुमचा कर शून्य आणि त्यांचाही शून्य. तुम्ही दोघांनी सोयीसाठी भिंतीवर चिकटवलेल्या एका कागदाची ही किंमत होऊ शकते.

तेव्हा पहिलं काम, तो क्यूआर कोड बदला. हा मजकूर वाचून झाला की आजच तुमच्या खात्याला मोबाइल नंबर जोडायचा अर्ज द्या. जमलं तर धंद्यासाठी चालू खातं उघडा. त्यासाठी बँक धंद्याचे पुरावे मागते. उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र आणि दुकाने-आस्थापना कायद्याखाली दिलेल्या सूचनेची पावती तिथे कामी येते. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणीची गरज नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासारखीच दिसणारी आणि पैसे मागणारी संकेतस्थळं आहेत, तिथे आधार आणि पॅन देऊन बसू नका. चालू खातं लगेच होत नसेल तर निदान एक खातं असं ठेवा की ज्यात शिलाईखेरीज काहीही येणार नाही. भावाने परत केलेले उसने पैसे नाहीत, भिशी नाही, गॅसची सबसिडीही नाही.

हे मी पोथीतलं सांगत नाही. व्यवसाय सुरू केला तेव्हा माझी फी मी घरखर्चाच्याच खात्यात घेत होते. पहिल्याच मार्चमध्ये पासबुकातली पंधरा हजारांची एक नोंद घेऊन दोन संध्याकाळी बसले होते, ही फी की धाकट्या भावाने विम्याच्या हप्त्यासाठी पाठवलेले पैसे? दुसऱ्यांना हिशेब शिकवणारी बाई!

मागच्या महिन्यांचं काय? मिस्टरांच्या खात्याचा वर्षाचा उतारा काढा आणि तुमच्या वहीशी ताडून पाहा. गिऱ्हाइकाची प्रत्येक जमा रक्कम एका रंगाने खूण करा. पगार, नातेवाइकांचे पैसे, परतावे यांना दुसरा रंग. एक रविवार जाईल. तो कागद फाइलला लावून ठेवा. मिस्टरांना त्यांच्या रिटर्नमध्ये तुमची कमाई दाखवायची नाही, तुम्हाला तुमच्या रिटर्नमध्ये दाखवायची आहे, आणि दोन्हींमधला दुवा म्हणजे हा दोन रंगांचा उतारा.

जाता जाता एक गोष्ट विचारून घ्या. तुमची मशीनं मिस्टरांच्या पैशांतून आली असतील तर ते पैसे बक्षीस म्हणून दिले होते की उसने? नवऱ्याने बायकोला फुकट दिलेल्या भांडवलातून मिळणारा नफा काही प्रमाणात नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. उसने असतील तर तसं लिहून ठेवा आणि बँकेतून फेडत राहा.

आता समोरचे दुकानदार. त्यांची भीती हवेतून आलेली नाही. 2025 च्या जुलैमध्ये कर्नाटकात व्यापारी कर विभागाने यूपीआयच्या आकड्यांवरून अनेक छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, आणि कितीतरी दुकानांवरचे क्यूआर कोड निघून 'फक्त रोख' असे कागद लागले. पण त्या नोटिसांचा मुद्दा यूपीआय घेतलं हा नव्हताच. जमा झालेली रक्कम नोंदणीच्या मर्यादेपलीकडची दिसते आणि नोंदणी नाही, हा होता. रोखीने धंदा केला म्हणून उलाढाल कमी होत नाही. ती फक्त दिसेनाशी होते, आणि तीही आपल्यालाच आधी.

तुमच्यासाठी मर्यादा कोणती? निव्वळ माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत. गिऱ्हाइकाने आणलेल्या कापडाचा ब्लाउज शिवणं ही जीएसटीच्या भाषेत सेवा. स्वतः कापड आणून शिवलेला कुर्ता विकणं ही मालाची विक्री. तुम्ही दोन्ही करता, म्हणून तुमची मर्यादा 20 लाख धरा. तुम्ही 9 लाख 60 हजारांवर आहात, अजून निम्म्यावरही पोचलेल्या नाही. आणि मोजायची ती धंद्याची उलाढाल. बहिणीने पाठवलेले पैसे किंवा मिस्टरांचा पगार त्यात येत नाही. खातं वेगळं हवं म्हणते ते यासाठीही, कारण मिसळलेल्या खात्यातून विक्री कोणती हे विभागाला वेगळं दिसणार नाही, ते तुम्हालाच दाखवावं लागेल.

एवढं सांगून झाल्यावर तुमच्या ता. क. कडे येते. अख्ख्या पत्रात मला खरी काळजीची वाटली ती ही ओळ, आणि तीच तुम्ही शेवटी, आनंदाने लिहिलीत. माल परराज्यात विकला तर वीस किंवा चाळीस लाखांची मर्यादा लागू राहत नाही. सर्वसाधारण नियम असा की पहिल्या कुर्त्यापासून नोंदणी लागते. सेवेला ही अट नाही. त्याच बाईंनी कापड पाठवलं असतं आणि तुम्ही ते शिवून परत धाडलं असतं, तर वीस लाखांच्या आत काही प्रश्न नव्हता. आठ कुर्त्यांची रक्कम लहान आहे, झोप उडवून घेऊ नका, पण सल्लागाराकडे जाल तेव्हा लपवू नका. आणि नोंदणी होईपर्यंत तयार कुर्ते राज्यातच विका. त्या बाईंना पुन्हा हवे असतील तर कापड त्यांनी पाठवायचं, शिलाई तुमची. तुमच्यासारख्याच मोबाइलवर फोटो टाकून साड्या, दागिने, पिशव्या विकणाऱ्या बऱ्याचजणी हे पत्र वाचत असतील. कुरिअरचा पत्ता लिहिताना राज्य कोणतं, इकडे लक्ष असू द्या.

पुढे वीस लाख जवळ आलेच तर? पंधरा-सोळा लाख झाले की कोणाकडे तरी जाऊन बसा, वीस ओलांडल्यावर नको. आणि नोंदणी नसताना बिलावर 'जीएसटी' लिहून गिऱ्हाइकाकडून जास्तीचे पैसे घेऊ नका. ते बेकायदा आहे, आणि तसा सल्ला देणारे भेटतात.

आता रिटर्नचा प्रकार. छोट्या धंद्यांसाठी आयकर कायद्यात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, कलम 44एडी. 2 कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा, आणि रोखीचा हिस्सा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटींपर्यंत, सविस्तर कीर्द-खतावणी न ठेवता रिटर्न भरू शकतो. रोखीच्या जमेवर 8 टक्के आणि बँकेमार्फत किंवा यूपीआयने आलेल्या जमेवर 6 टक्के एवढा नफा धरायचा. गंमत पाहा, समोरचे दुकानदार ज्या यूपीआयला घाबरून रोखीकडे वळा म्हणतात, त्याच यूपीआयला कायद्याने दोन टक्क्यांची सवलत दिली आहे.

तुमचं या सूत्राने काढलं तर 7 लाख 20 हजारांचे 6 टक्के 43,200, आणि 2 लाख 40 हजारांचे 8 टक्के 19,200. बेरीज 62,400. कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल, तेवढंच दाखवा आणि मोकळ्या व्हा. मी सांगणार नाही. कायद्याने सहा-आठ टक्के ही कमीत कमी पातळी ठेवली आहे, प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळवलं असेल तर ते जास्त दाखवण्याचीही तरतूद त्याच कलमात आहे. आणि तुमची वहीच सांगते की उरले 5 लाख 28 हजार. वर्षाला बासष्ट हजारांत घर चालतं, हे कोणाला पटवणार? शिवाय तुमच्या बाबतीत खरं दाखवल्याने एक रुपयाही कर वाढत नाही. उद्या ओव्हरलॉकचं मोठं मशीन घ्यायला मुद्रा कर्ज मागायला गेलात, तर बँक रिटर्नवरचा आकडा बघणार. बासष्ट हजार कमावणारीला कर्ज देताना ती हात आखडता घेईल.

44एडीच्या दोन बारीक अटी. एकदा या सोयीत शिरून तुम्ही पुढच्या पाच वर्षांत कधी बाहेर पडलात, तर त्यानंतर पाच वर्षं परत येता येत नाही. आणि कमिशन, दलाली, एजन्सीच्या कमाईला ती नाही. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए अशांसाठी वेगळं 44एडीए आहे, तिथे जमेच्या निम्मं उत्पन्न धरतात.

तुमचा फॉर्म आयटीआर-4, ज्याला सुगम म्हणतात. त्यात 31 मार्चला तुमच्याकडे रोख किती, माल किती, कोणाकडून येणं किती आणि कोणाचं देणं किती, एवढं विचारतात. हे आकडे जुलैत आठवून लिहायला गेलात तर थापा लिहाल. पुढच्या 31 मार्चला संध्याकाळी मशीनं बंद झाली की दोघींना घेऊन अर्धा तास मोजा. कपाटातले तागे, विकायचे राहिलेले कुर्ते, हुकांची बंद पाकिटं, हा तुमचा माल. गिऱ्हाइकाचं कापड, कापलेलं असो की अजून घडीत, तुमचा माल नाही, ते बाजूला ठेवा. हँगरवर लटकलेले, शिवून तयार पण कोणी न नेलेले ब्लाउज असतील, त्यांची शिलाई आली का बघा. न देता नेलेल्यांची नावं वहीत असतीलच, ती उधारी. डब्यातली रोकड मोजा, चिल्लरसकट. सगळं एका पानावर, तारीख घालून. रिटर्न भरून झालं की तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी करायला विसरू नका, आधारच्या ओटीपीने होते. पडताळणी न केलेलं रिटर्न भरल्यासारखं धरत नाहीत, आणि हा घोळ दर वर्षी कोणाचा तरी होतो.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा नवा आयकर कायदा आला आहे, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदललेले दिसतील. 2025-26 च्या कमाईचा हिशेब मात्र जुन्याच कायद्याने होतो, म्हणून मी जुने क्रमांक वापरले. आधीच्या वर्षांसाठी एकदा सल्लागाराकडे बसाच. 2023-24 आणि 2024-25 मध्ये नव्या प्रणालीत 3 लाखांच्या वर उत्पन्न असेल तर रिटर्न लागत होतं, आणि माफी 7 लाखांपर्यंत होती. तेव्हाचा नफा वहीतून काढून न्या. आणि महाराष्ट्रातल्या व्यवसाय कराचंही त्याच बैठकीत विचारा, तो वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार असतो, पण लोक तो साफ विसरतात.

राहिली लग्नसराई. ऑर्डरी घेऊ नयेत असं तुम्ही लिहिलंत, त्यामागे एक समज आहे: एका टप्प्यातून पुढच्यात गेलं की सगळ्या पैशांवर वरचा दर लागतो. तसं होत नाही. वरचा दर फक्त त्या टप्प्यात गेलेल्या पैशांवर लागतो, खालच्या टप्प्यातले पैसे खालच्याच दराने राहतात. एकच ठिकाण खरंच उंबऱ्यासारखं आहे, 12 लाखांचं, कारण तिथे माफी संपते. पण तिथेही सवलत ठेवली आहे. समजा तुमचा नफा 12 लाख 10 हजार झाला. सरळ हिशेबाने कर 61,500 येतो, पण तो वरच्या 10 हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणून 10 हजार अधिक उपकर 400. ही सवलत साधारण 12 लाख 70 हजारांपर्यंत पुरते.

आणि तुम्ही आहात 5 लाख 28 हजारांवर. लग्नसराईतून लाखभर रुपये नफा जास्त झाला तर त्यावर तुम्हाला द्यावा लागणारा कर शून्य. दोन लाख झाला तरी शून्य. न घेतलेल्या ऑर्डरीतून वाचतील ते फक्त डोळे आणि पाठ. त्यासाठी नको म्हणत असाल तर ते कारण मला मान्य आहे, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पाठीला विश्रांती हवीच. पण मग तसं म्हणा, करावर ढकलू नका.

आणि जाऊबाईंना सांगा, वह्या फाडायच्या नाहीत. जुनं रिटर्न पुन्हा उघडायची नोटीस सर्वसाधारणपणे मूल्यांकन वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचं आर्थिक वर्ष) संपल्यानंतर 3 वर्षं 3 महिन्यांपर्यंत येऊ शकते, आणि 50 लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेचा प्रश्न असेल तर 5 वर्षं 3 महिन्यांपर्यंत. म्हणून सात-आठ वर्षांच्या वह्या ठेवा. माळ्यावर नको, उंदीर लागतात. प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर आर्थिक वर्ष लिहा. मापाच्या वहीतच पैसे लिहीत असाल, म्हणजे छाती अडतीस, उंची चौदा, आणि शेजारी 'दोनशे आले, दीडशे बाकी', तरी चालेल, ती वहीसुद्धा पुरावाच आहे. फक्त त्या ओळीपुढे आजपासून तारीख घाला, आणि पैसे रोख आले की क्यूआरवर, त्यासाठी एक अक्षर. 'रो' किंवा 'क्यू'.